पहिल्या वर्षाचा कॉन्ट्रॅक्ट: १८७२ चा कायदा वाचायचा कसा आणि पेपरात लिहायचा कसा

लॉ कॉलेजला प्रवेश झाला की सीनियर मंडळींचा एक सल्ला हमखास मिळतो: "कॉन्ट्रॅक्ट सोपा आहे, गाईड वाच, निघून जाईल." मग निकाल लागतो आणि याच पेपराला एटीकेटी लागलेले चेहरे वर्गात दिसतात. गाईडमध्ये उत्तर तयार असते; पण ते कुठल्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे तुमचे तुम्हाला कळायला लागते, आणि पेपरात मार्क नेमके त्याचेच असतात. चार ओळींची हकिकत देऊन "करार झाला का?" असे विचारतात, तेव्हा पाठ केलेली व्याख्या वहीतच राहते.

माझे म्हणणे एवढेच, की आधी कलमाचे शब्द, मग त्याच कलमाखालची उदाहरणे, मग खटले आणि सगळ्यात शेवटी टीकाग्रंथ किंवा नोट्स, हा क्रम मोडू नका. बहुतेक जण तो नेमका उलटा धरतात.

आधी हद्द आखून घ्या

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ ला लागू झाला. शेवटच्या कलमाचा आकडा २३८ आहे. तो पाहून घाबरायचे कारण नाही, कारण मधली बरीच कलमे आता तिथे नाहीतच. ७६ ते १२३ ही मालविक्रीची कलमे १९३० साली स्वतंत्र कायद्यात गेली. भागीदारीची २३९ ते २६६ ही कलमे १९३२ साली निघाली, म्हणून कायदा आज २३८ वर संपतो. पहिल्या सत्रात सहसा १ ते ७५ एवढाच भाग असतो. हमी, बेलमेंट (आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सोपवणे), तारण, एजन्सी हे १२४ पासून पुढचे सगळे 'कॉन्ट्रॅक्ट टू'मध्ये येते. काही विद्यापीठे पहिल्या पेपरालाच १९६३ चा स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट जोडतात. तुमच्या सिलॅबसमध्ये तो आहे की नाही, हे पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री कळले तर उपयोग नाही.

पंच्याहत्तर कलमे म्हणजे बेअर अ‍ॅक्टची, म्हणजे टीकेशिवाय नुसत्या कलमांच्या पुस्तकाची, थोडकीच पाने. विकतची प्रत घ्या किंवा सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावरून छापून घ्या. मात्र प्रत कागदाचीच हवी, कारण समासात लिहायचे आहे.

कलम २ आणि कलम १०: पहिले दोन आठवडे इथेच काढा

कलम २ मध्ये व्याख्या आहेत आणि त्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत. (अ) मध्ये प्रस्ताव येतो, (ब) मध्ये तो स्वीकारला की त्याचे वचन होते, (ड) मध्ये प्रतिफल, म्हणजे वर्गात ज्याला कन्सिडरेशन म्हणतात ते. (इ) सांगते की वचनाला प्रतिफल मिळाले की अ‍ॅग्रीमेंट होते. आणि (एच) म्हणते, कायद्याने बजावता येणारे अ‍ॅग्रीमेंट म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. पाचही व्याख्या सुट्या सुट्या पाठ केल्या तर आठवड्याभरात विसरतात. एका ओळीत बाण काढून लिहा, आणि प्रत्येक बाणावर 'इथे काय कमी पडले तर साखळी तुटते?' हा प्रश्न टाका. पुढचा जवळपास सगळा पेपर याच प्रश्नाची उत्तरे आहे.

'बजावता येणारे' म्हणजे काय, ते कलम १० सांगते: मोकळी संमती, करार करायला लायक पक्षकार, कायदेशीर प्रतिफल, कायदेशीर उद्देश, आणि कायद्याने ते अ‍ॅग्रीमेंट स्पष्टपणे व्हॉइड, म्हणजे बजावता न येणारे, ठरवलेले नसणे. यातल्या प्रत्येक अटीपुढे समासात कलमांचे आकडे लिहा: लायकी ११ व १२, संमती १३ ते २२, प्रतिफल व उद्देश २३ ते २५, व्हॉइड ठरवलेली अ‍ॅग्रीमेंट्स २६ ते ३०. कलम १० हीच तुमची अनुक्रमणिका झाली.

कायदेशीर बंधन स्वीकारण्याचा हेतू मात्र कलम १० मध्ये कुठेच लिहिलेला नाही. तो आपल्याकडे बाल्फोर विरुद्ध बाल्फोर या १९१९ च्या इंग्रजी खटल्यातून शिकवला जातो. सिलोनला परतणाऱ्या नवऱ्याने बायकोला महिना ३० पौंड द्यायचे कबूल केले आणि कोर्टाने तो करार मानला नाही. उत्तरात हा मुद्दा कलम १० च्या खात्यावर टाकू नका. तपासणारा लगेच ओळखतो.

कलमाखालची उदाहरणे ओलांडून जाऊ नका

या कायद्याच्या मसुदाकारांनी आपल्यावर एक उपकार करून ठेवला आहे: जागोजाग कलमाखाली अ, ब, क नावांच्या माणसांची छोटी उदाहरणे दिली आहेत. ती कायद्याचाच भाग आहेत, त्यामुळे उत्तरात थेट वापरता येतात. तरीही विद्यार्थी ती सोडून पुढे जातात.

कलम ४ घ्या. त्यातले उदाहरण घराच्या विक्रीचे आहे. मी ते हळदीवर नेतो. सांगलीचा व्यापारी ३ तारखेला लातूरच्या व्यापाऱ्याला पत्राने भाव कळवतो. पत्र ५ ला मिळते. लातूरकर ६ ला होकाराचे पत्र टपालात टाकतो आणि ते ९ ला सांगलीला पोचते. आता तारखांची एक आडवी रेघ काढा. प्रस्ताव कळवणे ५ ला पुरे झाले. होकार कळवणे सांगलीकरापुरते ६ लाच पुरे झाले, म्हणजे पत्र टाकले तेव्हाच तो बांधला गेला. लातूरकरापुरते मात्र ते ९ ला पुरे होते. आता कलम ५ जोडा. सांगलीकराला माघार घ्यायची असेल तर ६ ला पत्र पडण्याआधी त्याची माघार लातूरकराला कळायला हवी. लातूरकराला ९ पर्यंत मोकळीक आहे. ८ ला त्याने फोन करून "नको" म्हटले, तर त्याचा होकार रद्द होतो.

इंग्लंडमध्ये असे नाही. तिथल्या टपालाच्या नियमाने, म्हणजे १८१८ च्या अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेलपासून, पत्र टाकले की दोघेही बांधले जातात. इंग्रजी पुस्तकातून हा धडा वाचलेला विद्यार्थी भारतीय पेपरात नेमका इथे घसरतो.

एक खटला मुळातून वाचा: खामगावची सरकी पेंड

पहिल्या सत्रात सगळे खटले मुळातून वाचणे शक्य नाही आणि गरजही नाही. पण निदान एक निकालपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. माझी शिफारस भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास ही आहे. ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर हा निकालसंग्रह) १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या भागात पान ५४३ वर तो सापडेल. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर पोर्टलवर निकालपत्रे फुकट मिळतात, त्यामुळे लायब्ररी बंद होती ही सबब आता चालत नाही.

वाचताना चार गोष्टी वेगळ्या काढा.

हकिकत: २२ जुलै १९५९ ला अहमदाबादची एक पेढी आणि खामगावची एक जिनिंग फॅक्टरी व ऑईल मिल यांच्यात ट्रंक कॉलवर सरकी पेंडीचा सौदा झाला. माल आला नाही. पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादच्या सिटी सिव्हिल कोर्टात लावला. मिलवाले म्हणाले, आम्ही होकार खामगावातून दिला, माल आणि पैसेही तिथलेच, तेव्हा अहमदाबादच्या कोर्टाला अधिकारच नाही.

प्रश्न: फोनवरचा करार कुठे होतो, होकार बोलला जातो तिथे की ऐकला जातो तिथे?

निकाल: बहुमताने, ऐकला जातो तिथे. म्हणून अहमदाबादचे कोर्ट चालेल.

कारण: बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती जे. सी. शाह यांनी लिहिले की टपालाचा नियम ही सोयीसाठी केलेली सवलत आहे. फोनवर दोघे जणू समोरासमोर बोलतात, तेव्हा नेहमीचा नियम लागू होतो: होकार समोरच्याला कळला पाहिजे. कलम ४ लिहिताना मसुदाकारांपुढे फोन नव्हताच; टेलिफोनचे पेटंट १८७६ चे, कायदा त्याच्या चार वर्षे आधीचा.

इथे थांबू नका. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मतभेदाचे निकालपत्रही वाचा. त्यांचे म्हणणे: कलमाचे शब्द स्पष्ट आहेत. होकार देणाऱ्याच्या हाताबाहेर गेला की प्रस्ताव देणारा बांधला जातो, आणि खामगावात उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही. मला आजही त्यांचा युक्तिवाद कलमाच्या जास्त जवळचा वाटतो, पण कायदा बहुमताचा चालतो. एकाच कलमावर दोन न्यायमूर्ती इतके वेगळे कसे जातात हे एकदा पाहिले, की पुढच्या प्रत्येक खटल्यात 'कारण' शोधायची सवय लागते. नुसते 'फोनवरचा करार म्हणजे भगवानदास' एवढे पाठ असलेल्याला "व्हॉट्सअ‍ॅपवर होकार दिला तर?" असे विचारा, तो गप्प बसतो. कारण समजलेल्याला निदान वाद घालता येतो.

इंग्रजी खटले आणि आपले कलम: जिथे फाटे फुटतात

कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल (१८९३) सगळ्यांना आवडतो. फ्लूवरचे औषध, १०० पौंडांचे बक्षीस आणि सचोटी दाखवायला बँकेत ठेवलेले १००० पौंड, हे लक्षात राहतेच. त्याच्या शेजारी आपला लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त (अलाहाबाद, १९१३) ठेवा. हरवलेल्या पुतण्याला शोधायला पाठवलेल्या मुनीमाने मुलगा शोधला, पण ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर झाल्याचे तेव्हा त्याला ठाऊक नव्हते. प्रस्ताव माहीतच नसेल तर त्याचा स्वीकार कसला? दावा गेला. दोन्ही खटले मिळून जो मुद्दा तयार होतो तो लिहा, सुट्या गोष्टी सांगू नका.

कायदा जिथे खरोखर वेगळा आहे त्या जागांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करा. प्रतिफल: कलम २(ड) म्हणते 'वचनग्रहीता किंवा इतर कोणीही', म्हणून चिन्नया विरुद्ध रामय्या (मद्रास, १८८२) मध्ये आईने दिलेल्या मिळकतीवर मुलीचे वचन टिकले, इंग्लंडमध्ये प्रतिफल वचन घेणाऱ्याकडूनच यावे लागते. पूर्वी केलेली कृतीही आपल्याकडे प्रतिफल होऊ शकते, मात्र ती वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून झालेली हवी. दंडाच्या कलमाबाबत तर आपण वेगळीच वाट धरली आहे. त्यावर पुढे येतो.

व्हॉइड, व्हॉइडेबल आणि नंतर व्हॉइड झालेले

गोंधळाची सगळ्यात मोठी जागा हीच. मुळातच व्हॉइड असलेले अ‍ॅग्रीमेंट, एका पक्षाला मोडता येणारा व्हॉइडेबल करार, आणि झाला तेव्हा धड पण नंतर व्हॉइड झालेला करार. कलम २ चे (जी), (आय) आणि (जे) हे तीन भाग याच क्रमाने आहेत.

अज्ञानाचा, म्हणजे कायद्याने वयात न आलेल्याचा, करार घ्या. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष (१९०३) मध्ये अज्ञान मुलाने २०,००० रुपयांच्या कर्जासाठी घर गहाण दिले. सावकाराच्या माणसाला तो अज्ञान असल्याची कल्पना होती. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ठरवले की हे व्हॉइड आहे, मुलाच्या मर्जीवर सोडलेले व्हॉइडेबल नव्हे; आणि मुळात करारच नसल्याने ६४ व ६५ खाली पैसे परत मागण्याचा प्रश्नही येत नाही. तरी दरवर्षी उत्तरपत्रिकेत 'अज्ञानाच्या इच्छेनुसार व्हॉइडेबल' असे वाक्य येतेच. जबरदस्ती, अनुचित दबाव, कपट, चुकीचे निवेदन यांनी मिळवलेली संमती मात्र व्हॉइडेबलमध्ये जाते (१९ आणि १९अ). दोन्ही पक्षांची वस्तुस्थितीविषयी चूक असेल तर कलम २० खाली व्हॉइड. आणि लढाईत सरकारने जमीन ताब्यात घेतली वगैरे प्रसंग कलम ५६ मध्ये येतात. सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगुर (१९५४) यात न्यायालयाने सांगितले की 'अशक्य' म्हणजे अक्षरशः अशक्यच असे नाही, करारामागचा हेतू कोसळला का ते पाहायचे. त्या खटल्यात करार कोसळला नाही असे ठरले, हे सांगायला मात्र विसरू नका.

पैजेबद्दल महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कलम ३० पैज व्हॉइड ठरवते, बेकायदा नव्हे. म्हणून पैजेला जोडलेला दुसरा करार टिकू शकतो, असे घेरूलाल पारख (१९५९) मध्ये ठरले. पण जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ चा वेगळा कायदा आहे, आणि तो अशा जोडकरारांनाही व्हॉइड करतो.

कलम २७, धंद्यावरची बंधने, यासाठी दोन ओळखीची नावे पुरतात. कल्याणच्या कारखान्यातून मुदत संपण्याआधी कोट्याच्या कंपनीत गेलेल्या निरंजन शंकर गोलिकारी यांच्या खटल्यात (१९६७) नोकरीच्या मुदतीतले बंधन टिकले. क्रिकेटपटू झहीर खानच्या जाहिरात करारात (२००६) मुदतीनंतरचे बंधन टिकले नाही. मुदतीत आणि मुदतीनंतर, एवढाच फरक धरून उत्तर बांधा.

प्रॉब्लेम सोडवायचा कसा

एक बसून सोडवू. नाशिकचा बागायतदार ५ तारखेला व्यापाऱ्याला लिहितो: "२० क्विंटल द्राक्षे ६० रुपये किलोने देतो, १० तारखेपर्यंत कळवा." व्यापारी ८ ला उत्तर देतो: "मान्य, पण ५५ धरा." ९ ला बागायतदार दुसऱ्याला माल विकतो. त्याच संध्याकाळी पहिला व्यापारी लिहितो: "बरं, ६० मान्य." करार झाला का?

बहुतेक जण "नाही, कारण माल विकला गेला" असे लिहून मोकळे होतात. निष्कर्ष बरोबर, कारण चूक, मार्क अर्धे. असे लिहा: मुद्दा हा की ८ तारखेचे उत्तर स्वीकार आहे का. कलम ७ प्रमाणे स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. ५५ चा भाव हा प्रतिप्रस्ताव. हाइड विरुद्ध रेंच (१८४०) प्रमाणे त्याने मूळ प्रस्ताव संपला. ९ चे "६० मान्य" हा व्यापाऱ्याचा नवा प्रस्ताव झाला, तो बागायतदाराने स्वीकारलेला नाही. म्हणून करार नाही, आणि माल विकला की नाही याचा इथे संबंधच नाही.

आता हकिकत थोडी हलवा. ८ ला व्यापाऱ्याने फक्त "पैसे दोन हप्त्यांत चालतील का?" असे विचारले. ही चौकशी आहे, प्रतिप्रस्ताव नव्हे. स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन (१८८०) पाहा. मूळ प्रस्ताव जिवंत. मग ९ ला दुसऱ्याला विकल्याने तो रद्द होतो का? '१० पर्यंत कळवा' या आश्वासनाला प्रतिफल नाही, त्यामुळे बागायतदार आधीही माघार घेऊ शकत होता. पण कलम ६(१) प्रमाणे रद्द केल्याची सूचना प्रस्ताव देणाऱ्याने समोरच्याला द्यायला हवी. ती दिलीच नाही, म्हणून होकाराचे पत्र पडताच करार झाला. बागायतदार आता नुकसानभरपाईला जबाबदार आहे, आणि दुसरा व्यापारी माल घेऊन गेला असला तरी हे बदलत नाही.

असे प्रॉब्लेम स्वतः बनवा. एक तारीख किंवा एक शब्द बदलला की उत्तर उलटते का, हे पाहणे हाच सराव. दोघातिघांनी एकत्र बसून एकाने बागायतदाराची, दुसऱ्याने व्यापाऱ्याची बाजू घेतली तर आणखी चांगले.

भरपाई: ७३ आणि ७४

सत्राच्या शेवटी येत असल्याने हा भाग घाईत उरकला जातो, आणि प्रश्न मात्र हमखास येतो. हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल (१८५४) मधला गिरणीचा मोडलेला दांडा सगळ्यांना पाठ असतो. त्यापेक्षा कलम ७३ खालची उदाहरणे घ्या: उत्तराची ओळ हाताने झाका, स्वतः सोडवा, मग हात काढा. पहिलेच उदाहरण ५० मण सोऱ्याचे आहे. नियम सरळ: माल द्यायच्या वेळचा बाजारभाव वजा कराराचा भाव. १०० क्विंटल सोयाबीन ४,५०० ने ठरले, देण्याच्या दिवशी भाव ५,००० झाला आणि विकणाऱ्याने हात वर केले, तर भरपाई ५०,००० रुपये. भाव ४,२०० वर उतरला असता, तर खरेदीदाराला या हिशेबाने काहीच मिळत नाही.

कलम ७४ मध्ये इंग्लंडची 'दंड' आणि 'आधी ठरवलेली भरपाई' ही विभागणी आपण सोडून दिली आहे. करारात रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा. कोर्ट वाजवी तेवढेच देते. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास यात १,१२,५०० रुपयांच्या बंगल्याच्या सौद्यात २५,००० जप्त करायचा प्रयत्न झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने इसाऱ्याचे १,००० तेवढेच ठेवू दिले.

जुन्या पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी

नोट्स सीनियरकडून घेतल्या असतील तर तीन ठिकाणी दुरुस्ती करा. ई-मेल, अ‍ॅप वगैरेंवरच्या करारासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०अ जोडा. स्पेसिफिक रिलीफ सिलॅबसमध्ये असेल तर २०१८ ची दुरुस्ती लिहाच. करार प्रत्यक्ष पाळायला लावणे पूर्वी कोर्टाच्या मर्जीवर होते, १ ऑक्टोबर २०१८ पासून ते बरेच बंधनकारक झाले आहे.

तिसरी दुरुस्ती कलम १५ ची. जबरदस्तीच्या व्याख्येत भारतीय दंड संहितेचा उल्लेख आहे, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ८ नुसार तो उल्लेख आता नव्या संहितेचा समजायचा. आत्महत्येची धमकी म्हणजे जबरदस्ती, असे सांगणारा मद्रासचा अम्मिराजू खटला आत्महत्या दंड संहितेने निषिद्ध आहे या पायावर उभा होता. नव्या संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने कलम ३०९ त्या रूपात राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये आहे. मग अम्मिराजूचा तर्क आज कितपत टिकतो, हा प्रश्न तुमच्या पेपरात यायला अजिबात हरकत नाही, आणि त्याचे तयार उत्तर जुन्या गाईडमध्ये नाही.